गटातले ट्रोल, काड्या टाकणारे आणि परत परत येणारे डुआयडी: नेमकं काय करावं?

रानवाट:

टेलिग्रामवर छायाचित्रणाचा गट आहे. सुमारे ९०० सदस्य, आम्ही ३ अॅडमिन. रोज २०-२५ जण फोटो टाकतात, त्यावर भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) किती ठेवलं, प्रकाश कुठून आला अशी चर्चा व्हावी एवढाच गटाचा हेतू. त्रास तीन प्रकारचा आहे. नव्या सदस्याच्या पहिल्याच फोटोखाली "मोबाइलवर काढलाय, उडवा" अशी पिंक टाकून जाणारे. त्यावरून मोबाइल विरुद्ध कॅमेरा अशी ७०-८० मेसेजची जुंपते आणि मूळ फोटो राहतो बाजूला. दुसरी, गुंतवणुकीच्या लिंका टाकून गायब होणारी खाती. तिसरे, काढून टाकल्यावर नव्या नावाने हजर होणारे डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी.

"दुर्लक्ष करा" असं सदस्यांना सांगून झालं, तरी कुणी ना कुणी उत्तर देतंच. शब्द गाळणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावावा का? आधी ताकीद द्यावी की थेट काढावं? नियम किती लांब असावेत? कृपया पायऱ्यांसकट सांगा.

चौकट:

तिन्हींना एकच औषध चालणार नाही. लिंका टाकणारी खाती बहुतेक बॉट असतात. त्यांना ताकीद द्यायची नसते, सेटिंगमधूनच बंदोबस्त करायचा. खरा प्रश्न पिंका टाकणाऱ्यांचा, कारण ती माणसं आहेत आणि अख्खा गट त्यांच्याशी भांडायला उभा राहतो.

"दुर्लक्ष करा" मोठ्या गटात का फसतं? ८९९ जणांनी संयम पाळला आणि एकाने उत्तर दिलं तरी काडी पेटते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ज्याच्या फोटोखाली पिंक पडली त्याला सगळ्यांचं मौन म्हणजे संमती वाटते. तो मुकाट्याने निघून जातो आणि तुम्हाला ते कळतही नाही. दुर्लक्ष सदस्यांनी करायचं असतं, अॅडमिनने नाही. सदस्यांना "उत्तर देऊ नका" सांगताना "मग काय करा" हेही सांगा: मेसेज अॅडमिनला पाठवा, बस. आणि असा मेसेज आला की तासाभरात काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी कुणी कळवत नाही, थेट भांडतात.

क्रम असा ठेवा. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नाव आणि युजरनेम दोन्ही बदलता येतात, म्हणून बॉटकडून त्या खात्याचा अंकी आयडी काढून सोबत लिहून ठेवा. तो बदलत नाही. मग पिंक उडवा आणि तिला आलेली उत्तरंही उडवा. इथे बहुतेक अॅडमिन चुकतात. मूळ मेसेज गेला आणि रागाची उत्तरं राहिली, की नंतर वाचणाऱ्याला उत्तर देणारेच भांडखोर वाटतात. शिवाय अवतरण घेऊन लिहिलेल्या उत्तरांत पिंक जशीच्या तशी शिल्लक राहते.

मग त्या सदस्याला खासगीत तीन वाक्यं: "तुमचा अमुक फोटोखालचा मेसेज काढला आहे. फोटो कशाने काढला यावरून हिणवणं नियम २ मध्ये बसत नाही. ३० दिवसांत पुन्हा झालं तर २४ तास लिहिणं बंद होईल." विशेषणं नकोत, उपदेश नको, "तुम्ही नेहमीच" तर मुळीच नको. गटात या कारवाईची घोषणा करू नका. चारचौघांत झापलं की माणूस हट्टाला पेटतो आणि त्याला हवं असलेलं व्यासपीठही मिळतं. शेवटी त्या फोटोखाली तुम्ही स्वतः फोटोबद्दल एक तरी कामाचं वाक्य लिहा. चर्चा रुळावर आणायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पुढच्या पायऱ्या: दुसऱ्यांदा २४ तास, तिसऱ्यांदा ७ दिवस, चौथ्यांदा बाहेर. धमकी, कुणाची खासगी माहिती उघड करणं, लैंगिक शेरे यांना पायऱ्या नाहीत, पहिल्याच वेळी बाहेर. ज्या अॅडमिनचा त्या सदस्याशी वाद झालाय त्याने कारवाई करायची नाही, दुसऱ्याने करायची. तिघे आहात, हे सहज जमेल.

कळफलक:

सेटिंगबद्दल लिहितो.

टेलिग्राममध्ये स्लो मोड आहे: एका सदस्याच्या दोन मेसेजमध्ये किती वेळ जायला हवा हे त्यात ठरवता येतं, काही सेकंदांपासून १ तासापर्यंत. जुंपली की ५ मिनिटांवर टाका आणि तासा-दोन तासांनी काढा. रागाचं उत्तर पहिल्या मिनिटात लिहिलं जातं. पाच मिनिटं थांबावं लागलं की बरेच लोक सोडून देतात. तो कायमचा लावू नका, कारण फोटोवर खरी चर्चा करणाऱ्यांनाही दोन ओळी लिहून ताटकळावं लागतं. अॅडमिनना ही मर्यादा लागत नाही, त्यामुळे त्या वेळात तुम्ही स्वतः कमी लिहा. नाहीतर लोकांची तोंडं बांधून तुम्हीच बोलताय असं दिसतं.

लिंकवाल्या खात्यांसाठी: तुमच्याएवढ्या मोठ्या गटाला टेलिग्रामची आक्रमक स्पॅमविरोधी सोय चालू करता येते. ती करा. आमंत्रणाच्या लिंकवर अॅडमिनची मंजुरी सक्तीची करा आणि जुनी, सगळीकडे फिरलेली लिंक रद्द करा. लिंकचा प्रीव्ह्यू दाखवणारी परवानगी बंद केली म्हणजे लिंका थांबल्या असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही, लिंक तशीच जाते. त्यासाठी बॉट लागतो. त्याला सांगा की नव्या सदस्याच्या लिंका आणि फॉरवर्ड पहिले ४८ तास अडव, फोटो मात्र जाऊ दे. तुमचा गटच फोटोंचा आहे, नव्या माणसाला फोटो टाकता आला नाही तर तो कशाला थांबेल?

शब्द गाळणाऱ्या बॉटवर फार भिस्त ठेवू नका. बरेच बॉट शब्द नव्हे, अक्षरांची ओळ शोधतात. "मार" गाळायला सांगितलंत तर "सुमारे", "कुमार" आणि "समारंभ" उडतील. उलट "मूर्ख" टाकलंत तर "मुर्ख" सुटेल, रोमन लिपीतला सुटेल, अक्षरांमध्ये टिंब घातलेला सुटेल. यादी १०-१५ नेमक्या शब्दांची ठेवा आणि बॉटला मेसेज उडवायला न सांगता अॅडमिनना कळवायला सांगा.

टेलिग्रामची अलीकडच्या कृतींची नोंद फक्त ४८ तास राहते. कुणी काय उडवलं हे नंतर हवं असेल तर चौकट यांनी सांगितल्याप्रमाणे नोंद वेगळी ठेवा. तिघा अॅडमिनचा वेगळा छोटा गट करा आणि तिथे एका ओळीत टाका: तारीख, आयडी, काय केलं, कितवी पायरी.

एक धोका तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणारच. अॅडमिनचं नाव आणि फोटो उचलून कुणी सदस्यांना खासगीत पैसे मागतं. "अॅडमिन स्वतःहून कुणालाही खासगीत पैशांबद्दल किंवा लिंकबद्दल लिहीत नाहीत" हे पिन करा.

रानवाट:

खूप उपयोगी. पण दोन पेच उरतात. एक सदस्य शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. प्रत्येक चर्चेत "याला पुरावा काय?", "म्हणजे नेमकं काय म्हणायचंय?" असं इतक्या वेळा विचारतो की उत्तर देणारा वैतागून तिरकं बोलतो, आणि मग हा म्हणतो, "बघा, मी सभ्यपणे विचारलं." नियमात धरता येत नाही. दुसरा पेच जुन्या, जाणकार सदस्याचा. सगळ्यात चांगलं समीक्षण तोच लिहितो आणि पिंकांना सगळ्यात कडवट उत्तरंही तोच देतो.

दीपमाळ:

पहिल्याच्या हेतूत शिरूच नका. तो मुद्दाम करतो की स्वभावच तसा, हे तुम्ही कधीच सिद्ध करू शकणार नाही, आणि हेतूवर बोललात की वाद त्याच्या मैदानावर गेला. मोजता येईल ते धरा: एका फोटोखाली एकाच मुद्द्यावर एकाच सदस्याचे किती प्रश्न? नियम असा लिहा: "उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू नये; मतभेद राहिला तर वेगळी चर्चा सुरू करावी." तिसरा प्रश्न आला की अॅडमिनने एवढंच लिहायचं: "या मुद्द्यावर दोन्ही बाजू मांडून झाल्या आहेत, इथे थांबू." त्यानंतरचा मेसेज उडवायचा. खरी जिज्ञासा असेल तर वेगळी चर्चा निघेल आणि ती वाचनीयही होईल. नुसतं उचकवायचं असेल तर बहुधा निघत नाही, कारण तिथे वैतागणारं कुणी समोर नसतं.

जुन्या सदस्याला सूट देऊ नका. सूट दिल्याचं सगळ्यांना पहिल्या दिवशी कळतं आणि त्यानंतर प्रत्येक ताकीद पक्षपाती ठरते. फक्त पायऱ्या सुरू होण्याआधी त्याच्याशी बोला, शक्यतो फोनवर. त्याची कडवट उत्तरं हेच पिंक टाकणाऱ्याचं बक्षीस आहे, हे त्याला पटवून सांगा. ट्रोल ही काही वेगळी जात नसते. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मन आधीच वैतागलेलं असेल आणि चर्चेच्या सुरुवातीलाच खवचट प्रतिसाद दिसले, तर साधी माणसंही तसंच लिहितात असं त्यात दिसलं. दोन्ही गोष्टी नसताना ३५ टक्के प्रतिसाद त्या प्रकारचे होते, दोन्ही असताना ६८ टक्के. म्हणून पहिली पिंक लवकर उडवणं महत्त्वाचं. ती दिसत राहते तेवढा वेळ ती इतरांना वळण लावत असते.

डुआयडींबद्दल: तीच शुद्धलेखनाची चूक, त्याच वेळा, आल्या आल्या जुन्या भांडणांची माहिती, अशा खुणा जुळल्या तरी "हा अमुकचाच आयडी" असं गटात जाहीर करू नका. चुकलात तर निरपराध नवा सदस्य दुखावतो, बरोबर निघालात तर त्याला पुन्हा प्रसिद्धी. गटातून काढलेल्याचा परतलेला आयडी खात्रीने ओळखला तर काही न बोलता काढा. नुसता संशय असेल तर त्याला नव्या सदस्यासारखंच वागवा. सुधारून आला असेल तर राहू द्यात की. ज्यांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे त्यांना आयपी पत्ता दिसतो, पण त्यावरून बंदी घालणं जोखमीचं आहे. मोबाइल नेटवर्कवर एकाच पत्त्यामागे एका वेळी अनेक ग्राहक असतात, वसतिगृहात आणि कार्यालयातही तेच. एकाला अडवताना दहा भलतेच अडकतात आणि तो मात्र राउटर बंद-चालू करून परत येतो.

चौकट:

नियमांच्या लांबीचं राहिलं. ५ ते ७ ओळी, एका पडद्यात मावतील एवढ्याच, आणि प्रत्येकीत करू नये अशी दिसणारी गोष्ट. "सौजन्याने वागा" यावर कारवाई करता येत नाही, "फोटो कशाने काढला यावरून हिणवू नये" यावर येते. नियम समोर दिसत राहण्याने फरक पडतो. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या विज्ञानविभागात चर्चेच्या माथ्यावर नियम लावून केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नियमात बसणाऱ्या नवागतांच्या प्रतिसादांचं प्रमाण ८ टक्केबिंदूंहून अधिक वाढलं आणि नव्यांचा सहभागही वाढला. नियमांनी नवे लोक बिचकतात ही भीती बाळगू नका. बिचकवतात त्या पिंका.

तिघांनी वेळा वाटून घ्या आणि आपली पाळी नसताना गटाच्या सूचना बंद ठेवा. रात्री साडेबाराला अर्धवट झोपेत दिलेली ताकीद सकाळी मागे घ्यावी लागते.

कळफलक:

नियम पिन करताना सगळ्या सदस्यांना सूचना पाठवण्याचा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर ९०० फोन वाजतात, आणि पहिल्याच दिवशी नियमांवरच नवी जुंपते.