चांदोली आणि वासोटा दोन दिवसांत: तंबू कुठं लावायचा?

कृष्णाकाठ:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून गाडीनं निघतोय. आम्ही दोघं, मेहुणा आणि १० वर्षांचा मुलगा. पहिल्या दिवशी चांदोली, रात्री तंबू, दुसऱ्या दिवशी वासोटा किल्ला. वसंतसागरच्या (चांदोली धरणाच्या जलाशयाच्या) काठावर किंवा झोळंबीच्या सड्यावर (कातळपठारावर) मुक्काम करता येतो का? आणि वासोट्यावर? चौघांचा तंबू आणि लहान गॅस आहे.

सडाभटका:
दोन्हीकडं नाही. चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि वासोटा त्या कोयनेच्या जंगलात आहे. परवानगीशिवाय आत थांबणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी काठ ही झोपायची जागा नव्हे. संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात, अस्वल रात्री फिरतं. त्यांच्या वाटेवर तंबू म्हणजे दोघांनाही धोका.

पेठ नाका, शिराळा, कोकरूड, चरण, आरळा असं करत सकाळी लवकर मणदूरला पोचा. प्रवेशाचा परवाना आणि वाटाड्या तिथूनच. टाकी शिराळ्यातच फुल्ल करा. दुपारी मागं फिरलात की पेठ नाक्याला वळसा घालू नका. कोकरूडहून शेडगेवाडी, उंडाळेमार्गे थेट कराड, तिथून सातारा. यवतेश्वरचा घाट उजेडातच चढा. कासहून बामणोलीकडं उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर सोडा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी लवकर थांबत नाही. वास आला तर बाजूला घेऊन १५-२० मिनिटं थांबा, चाकावर पाणी ओतू नका.

मुक्काम बामणोलीत, गावातल्या कुणाच्या तरी मालकीच्या जागेत, त्यांना विचारून. जेवणही घरगुती मिळतं.

कोयनाकाठ:
वासोट्याचं सांगते. बामणोलीच्या बोट क्लबवर सकाळी लवकर नंबर लावा. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. लाँचला शिवसागरातून (कोयना धरणाच्या जलाशयातून) दीडेक तास, मग चढाई दोन-अडीच तास, मुलाबरोबर तीन धरा. अंधाराआधी परतायचंच असतं, म्हणून उशिरा निघालेल्यांची घाई उतरताना होते आणि सुक्या पाचोळ्यावर पाय घसरतात. वनचौकीवर प्लास्टिक मोजून घेतात, तेव्हा पुड्या घरीच सोडून सगळं डब्यात भरा. सुरुवातीला मारुती-गणपतीच्या मूर्तींजवळ ओढा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका: माणशी तीन लिटर. वर जाताना नागेश्वरच्या गुहेचा फाटा लागतो, तिकडं वळू नका. एका दिवसात दोन्ही मुलाला झेपणार नाही.

अत्तर, सेंट नको, धूर तर अजिबात नको. आग्या मोहोळं कड्यांना असतात. परतल्यावर मुलाच्या गुडघ्यामागं, कमरेवर आणि कानामागं गोचीड बघा. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायचा. रॉकेल किंवा तेल लावू नका, त्यात चावा सुटायला उशीर होतो.

जांभादगड:
तंबूवाल्यांची रात्र थंडीपेक्षा दवानं बिघडते. पाण्यालगतच्या खोलगटात गार हवा साचते आणि पहाटे वरचं कापड अक्षरशः ठिबकतं. म्हणून काठापासून दोन-तीन मीटर तरी उंच, किंचित उताराची जागा घ्या. खाली अंथरायचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान पाहिजे. बाहेर कडा दिसली की वरून गळलेलं दव तिच्यावर उतरतं, ताडपत्री आणि तळ यांच्यामध्ये शिरतं आणि सकाळी गाद्या भिजलेल्या सापडतात. "तंबू गळका निघाला" म्हणणारे बरेच जण ही कडाच आत दुमडायला विसरलेले असतात.

आतून भिजणं वेगळं. चार माणसांच्या श्वासाची वाफ असते ती. थंडी वाजते म्हणून झडपा बंद करू नका, वरची झडप चार बोटं उघडी ठेवा आणि आतलं कापड बाहेरच्याला चिकटू देऊ नका. जमिनीखाली जांभा लागला तर खुंट्या शिरत नाहीत, वाकतात. दोरी नारळाएवढ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. दगड मात्र काठीनं उलटून मगच उचला, खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं. बूट रात्री तंबूच्या आत.

कृष्णाकाठ:
खूप आभार, चांदोलीतला मुक्काम रद्द. गॅस पहाटे मंद होतो असं ऐकलंय. २३० ग्रॅमचा डबा आहे.

जांभादगड:
ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, त्यामुळं ८-१० अंशांत दाब कमी पडतो, शिवाय जळताना डबा आणखी गार होतो. रात्री डबा पांघरुणात ठेवा. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूनं द्या. चारी बाजूंनी पत्रा लावला तर डबा तापून फुटू शकतो. मोठ्या जाळावर दीडेक तास चालतो, चहा आणि पोह्यांना पुरेल, पण दोन डबे न्या. तंबूत पेटवू नका, आणि दिवसा गाडीत काचेमागं उन्हात ठेवू नका.