महामार्गालगतच्या शिवारात चितळ दिसते, सांबर का दिसत नाही?

प्रश्न (रामटेक तालुका)
देवलापार परिसरात आमची शेती राष्ट्रीय महामार्ग 44 पासून जवळ आणि जंगलाला लागून आहे. हरभरा वर आला की संध्याकाळी चितळांचे कळप धुऱ्यापर्यंत येतात. सांबर मात्र या जंगलात असूनही कधी नजरेस पडत नाही. दोघांच्या वावरात एवढा फरक का, आणि महामार्गाखाली बांधलेल्या मार्गांतून हरणे खरोखर ये-जा करतात का?

उत्तर 1
ये-जा निश्चित होते. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा हा रस्ता चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत असे 9 मार्ग ठेवले गेले आणि त्यांतील सर्वांत लांब मार्ग 750 मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये लावलेल्या कॅमेरा सापळ्यांत वाघासह 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले आणि त्यांत चितळांची छायाचित्रे सर्वाधिक होती. मात्र पुलाखाली चरत थांबलेला एकच कळप पुन्हा पुन्हा टिपला जात असल्यामुळे त्या आकड्यावरून चितळांची संख्या काढणे योग्य ठरणार नाही.

फरकाचे मूळ दोघांच्या खाण्यात आणि लपण्यात आहे. चितळ मुख्यतः गवत चरणारे, कळपाने राहणारे आणि पाण्यापासून फार दूर न जाणारे असल्यामुळे जंगल आणि मोकळी जागा जिथे मिळतात, ती कड त्याला मानवते. तिथे कोवळा चारा असतो, शत्रू लांबून दिसतो आणि माणसांच्या वस्तीजवळ वाघ व रानकुत्रे सहसा कमी फिरकतात. म्हणूनच वनविश्रामगृहांच्या आवारात रात्री चितळांचे कळप बसलेले आढळतात. सांबर झाडपाला अधिक खाते, एकटे किंवा लहान गटात राहते आणि दिवसा दाट झाडीत, चढउताराच्या भागात दडून बसते.

उत्तर 2
सांबर दिसत नाही म्हणजे येत नाही, असे मानू नये. ते बहुधा रात्री उशिरा येऊन उजाडण्यापूर्वी परतते. पाणी दिल्यानंतर ओल्या मातीत सकाळी खूर पाहावेत. चितळाच्या खुरापेक्षा सांबराचा ठसा स्पष्टपणे मोठा असतो.

उत्तर 3
वरील उत्तरांत एक बाब राहिली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पुलाखालचा मार्ग कितीही रुंद असला, तरी त्याच्या तोंडाशी गुरे, मोकाट कुत्री किंवा कुंपण असेल, तर सांबरासारखा बुजरा प्राणी तिथवर पोहोचतच नाही. नाल्याकाठची झाडी आणि मधले झुडपी जंगल टिकले, तरच जंगलापासून मार्गापर्यंत आडोसा सलग राहतो. प्रत्येकाने आपल्यापुरते सौर कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या शेतात वळतो. त्यामुळे गावाने एकत्र बसून कुंपणाची रेषा ठरवावी आणि नाल्याची वाट मोकळी सोडावी. तारेत थेट वीजप्रवाह मात्र कोणीही सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात हरणांबरोबर माणसांचेही जीव गेले आहेत.