जुन्या ई-टाइपचे मूळ ब्रेक दुरुस्त करावेत की नवे बसवावेत?

प्रश्न : लांबनाकी

माझ्याकडे 1963 ची जॅग्वार ई-टाइप आहे, 3.8 लिटर इंजिनाची. अकरा वर्षे ती एका जागी उभी होती. इंजिन फारशी खळखळ न करता सुरू झाले, पण ब्रेकने मात्र अडवले आहे. पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला जाते, दोन-तीनदा भराभर दाबले की वर येते आणि बऱ्यापैकी कडक लागते. मागचे उजवे चाक हाताने फिरतच नाही. डावे मात्र सहज फिरते. पुढचा एक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उतरवून उघडला, तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे दिसले, आणि ते नख अडकेल इतके खोल आहेत. एका कारागिराने होन करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करून, नवे रबरी सील घालण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याच्या मते हे सगळे काढून आजच्या पद्धतीचे चार पिस्टनचे ॲल्युमिनियम कॅलिपर बसवावेत. डनलॉपचे मूळ ब्रेक गाडीवर राहावेत अशी माझी इच्छा आहे, मात्र त्या इच्छेपायी गाडी थांबण्याबाबत तडजोड करायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना फिटर

मूळ की नवे, हा निर्णय एका फटक्यात सगळ्या ब्रेकसाठी घेऊ नका. तो एकेका भागासाठी वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी सील नेमके कोणत्या पृष्ठभागावर घासते ते पाहावे लागते. नंतरच्या गर्लिंग कंपनीच्या पद्धतीच्या कॅलिपरमध्ये सील सिलिंडरच्या भिंतीतल्या खाचेत स्थिर बसते आणि पिस्टन त्यातून सरकतो. तिथे भिंत थोडी खराब असली तरी चालून जाते, कारण ब्रेक ऑइल अडवण्याचे काम पिस्टनच्या पृष्ठभागावर होते. क्रोम उडालेला पिस्टन काढून स्टेनलेस स्टीलचा घातला की बहुतेक काम झाले. तुमच्या डनलॉप कॅलिपरमध्ये याच्या उलट आहे. सील पिस्टनवर बसलेले असते आणि पिस्टनबरोबर पुढे-मागे जाते, त्यामुळे ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर अडते आणि तुमचे खड्डे नेमके त्याच भिंतीवर आहेत.

म्हणून होन करण्याचा सल्ला मला पटत नाही. होनने पुसट डाग निघतात. नख अडकणारा खड्डा काढायचा तर इतका धातू घासावा लागतो की सिलिंडरचा व्यास वाढतो, सीलची पकड सैल होते आणि काही महिन्यांत ऑइल पाझरू लागते. सिलिंडर मोठा करून त्यात स्टेनलेसची स्लीव्ह (आतले नळीसारखे अस्तर) दाबून बसवावी आणि ती मूळ मापाला बोअर करून (आतून कोरून) घ्यावी. चार कॅलिपर, प्रत्येकाला दोन, असे आठ सिलिंडर आहेत. डनलॉपने ते कॅलिपरच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेले वेगळे ठोकळे ठेवले, त्यामुळे सांगाड्याला हात न लावता हे काम लेथवर होते. बाहेरून गाडी जशी होती तशीच दिसते.

स्लीव्ह घातली आणि जुनी पिन तशीच ठेवली, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. या ब्रेकमध्ये पिस्टन मागे घेण्यासाठी सिलिंडरच्या तळाशी एक पिन आणि पिस्टनमध्ये तिच्यावर घट्ट सरकणारी बुश (छोटे कडे) असते. पॅड झिजेल तशी बुश पिनवर पुढे सरकते आणि पॅड व डिस्क यांच्यातले अंतर कायम राखते. पिन गंजली तर पॅड डिस्कला धरून राहतो. पिस्टन गरजेपेक्षा जास्त मागे गेला तर पहिल्या दाबाला पेडल खोल जाते. तुमचे पेडल दोन-तीन दाबांनंतर कडक होते, म्हणजे मला अंतराचा संशय जास्त आहे; वर येऊनही ते स्प्रिंगसारखे मऊ लागले असते तर मी आधी हवा शोधली असती. डिस्क वाकडी फिरत असली तरी ती पॅडना मागे ढकलते आणि लक्षण तेच दिसते, तेव्हा डायल गेज (डिस्क किती डगमगते ते दाखवणारे मापक) लावून तीही तपासा.

मागच्या चाकाची परीक्षा सोपी आहे. त्या कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) थोडा सैल करा. चाक सुटले तर ऑइलचा दाब वाटेत कुठेतरी अडकला आहे. सुटले नाही तर पिस्टन किंवा हँडब्रेकचा वेगळा छोटा कॅलिपर जाम आहे. या गाडीत मागच्या दोन्ही कॅलिपरना मिळून एकच रबरी नळी आहे. ती आतून फुगली असती तर दोन्ही चाके धरली असती. डावे मोकळे आहे, त्यामुळे नळीला मी दोषी धरणार नाही. मात्र ती जुनी असेल तर बदलाच.

उत्तर : घाटवाट

वरचे म्हणणे मान्य आहे, पण मागच्या ब्रेकची जागा लक्षात घ्या. डिस्क चाकापाशी नाहीत, त्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) लागून आतल्या बाजूला आहेत. वरवर हात घालून ते काम करता येईल या समजुतीत मी दोन रविवार घालवले आणि अखेर मागची संपूर्ण चौकट खाली उतरवली. उतरवलीच आहे तर डिफरन्शियलच्या बाहेरच्या शाफ्टची ऑइल सीलही बदला. ती गळली की तेल थेट डिस्कवर येते आणि तेलकट पॅड धुऊन पूर्ववत होत नाहीत. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जाम पिस्टन काढायलाही हवेचा दाब वापरू नका, तो गोळीसारखा सुटतो.

चार पिस्टनच्या कॅलिपरबद्दल एवढेच सांगतो की ते वाईट नाहीत, पण त्यांच्या पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ मूळ पिस्टनपेक्षा जास्त असेल तर त्याच मास्टर सिलिंडरला (पेडल दाबले की ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरला) जास्त ऑइल ढकलावे लागते आणि पेडलचा प्रवास वाढतो. केवळ पुढचे बदलले तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला तोलही बिघडतो. 1953 मध्ये डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जॅग्वारच्याच सी-टाइपने ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली होती. नीट बांधलेले हे ब्रेक रस्त्यावर कमी पडतील असे मला वाटत नाही.

उत्तर : नळीवाला

ऑइलचा मुद्दा राहून गेला. मुळात सिलिंडर गंजले ते ग्लायकोल ऑइल हवेतले पाणी शोषते म्हणून. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा 155 आहे. मागच्या डिस्क डिफरन्शियलच्या उष्णतेशेजारी बसतात, त्यामुळे हा फरक हसण्यावारी नेऊ नये. सिलिकॉनचे डॉट 5 पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही. पण त्यात बारीक बुडबुडे अडकून पेडल मऊ लागते, आणि ते ग्लायकोलमध्ये मिसळून चालत नाही. डॉट 5.1 हे नाव जवळचे असले तरी ते ग्लायकोलच आहे. या गोंधळाने अनेकांना फसवले आहे. मी डॉट 4 घालतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. सीलजवळ खनिज तेल किंवा साधे ग्रीस येऊ देऊ नका, रबर फुगते. जोडताना स्वच्छ ब्रेक ऑइलच लावा.

नव्या नळ्या करताना नटांचे आटे जुन्याशी ताडून पाहा. 3/8 इंची यूएनएफ (इंच मापाच्या आट्यांचा) नट 9.5 मिलिमीटरचा असतो. तो 10 मिलिमीटरच्या मेट्रिक भोकात शिरतो, धरल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निसटू शकतो.

पुन्हा : लांबनाकी

सर्वांचे आभार. निपल सैल करूनही चाक सुटले नाही. हँडब्रेकचे पॅड मोकळे निघाले, मुख्य कॅलिपरचा आतल्या बाजूचा पिस्टन मात्र पिनसकट गंजून बसला आहे. चौकट उतरवली असून आठही सिलिंडर स्लीव्हसाठी दिले आहेत. पिस्टन, पिन आणि बुश नव्या घेत आहे. डाव्या बाजूची डिफरन्शियलची सील ओली निघाली, तीही बदलतो. मास्टर सिलिंडर दोन आहेत आणि दोन्ही आतून स्वच्छ दिसतात. त्यांना केवळ नवे सील पुरेसे होतील का?

उत्तर : जुना फिटर

भिंत आरशासारखी असेल तर पुरेसे होतील. जोडताना दोन्ही पुशरॉडना (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यांना) किंचित मोकळी जागा राहील असे पाहा. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीकडे परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि ऑइल तापून फुगले की ब्रेक आपोआप धरू लागतात. पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटे चालवून थांबा आणि गाडी जॅकवर घेऊन चारही चाके हाताने फिरवून पाहा.