मदत हवी आहे : टायर ड्रेसिंगचे सिलिकोन रंगावर असताना घरी सिरॅमिक कोटिंग कसे करावे?

नमस्कार,

गाडीची देखभाल घरच्या घरी करणाऱ्या जाणकारांकडून मला सविस्तर मार्गदर्शन हवे आहे. गाडी गडद निळ्या रंगाची आहे, रंग कंपनीतून आलेलाच आहे आणि कोणताही भाग पुन्हा रंगवलेला नाही. उन्हात तिरपे पाहिले की बॉनेटवर आणि दरवाजांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे दिसतात. ते पॉलिश करून काढावेत आणि त्यावर सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट होऊन बसणारा पातळ संरक्षक थर) द्यावे, असा माझा विचार आहे. टायरांचाही एक प्रश्न बरेच दिवस रेंगाळलेला आहे. सुरुवातीला मला हे दोन स्वतंत्र विषय वाटत होते. आता मात्र टायरचा प्रश्न सोडवल्याशिवाय कोटिंगला हात लावू नये, असे वाटू लागले आहे.

टायरवर मी दाट, जेलसारखे, भरपूर चकाकी देणारे ड्रेसिंग वापरतो. लावल्या दिवशी टायर काळाभोर दिसतो, परंतु लवकरच त्याच्या बाजूवर मातकट तपकिरी झाक येते आणि ती शाम्पूने जात नाही. त्याहून अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर आणि दरवाजाच्या खालच्या कडेवर बारीक काळपट थेंबांची एक तिरपी रांग उमटते. बोट फिरवले तर थेंब निघत नाहीत, पसरतात आणि बोटाला तेलकट लागतात. गाडी धुतल्यावर ते दिसेनासे होतात, पण पाणी ओतून पाहिले की तेवढ्याच पट्ट्यात पाण्याचे गोल मणी होतात, आणि शेजारच्या रंगावरून पाणी पत्र्याला चिकटत सपाट वाहून जाते. याचा अर्थ डोळ्यांना न दिसणारा सिलिकोनचा थर तेथे शिल्लक आहे, असा मी लावतो.

सिरॅमिक कोटिंग क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) घट्ट धरून राहण्यासाठी पृष्ठभाग पूर्णपणे तेलविरहित लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पहिली शंका अशी की हा सिलिकोनचा थर नेमका कशाने काढावा. क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवला तर तो निघेल, की क्लेबरोबर इतरत्र पसरेल? पॉलिश करताना पॅडने उचलून तो संपूर्ण दरवाजावर नेला, तर काय करायचे?

दुसरी शंका टायरच्या तपकिरी रंगाबद्दल आहे. हा दोष ड्रेसिंगचा, की रबराचा? पाण्यात मिसळलेले ड्रेसिंग आणि पेट्रोलियम द्रावकातील ड्रेसिंग यांत केवळ चकाकीचा फरक आहे, की रबरावर होणारे परिणामही वेगळे असतात?

शेवटची शंका निवडीची आहे. माझ्याकडे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग यंत्र (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारे) आहे आणि छताखालची, पण तीन बाजूंनी उघडी जागा आहे. धुण्याचे पाणी क्षारयुक्त आहे. अशा परिस्थितीत सिरॅमिक कोटिंगच करावे, की कृत्रिम पॉलिमरचे सीलंट (मेणासारखा लावायचा संरक्षक लेप) अधिक शहाणपणाचे ठरेल? कोटिंग चुकले तर ते पुसून टाकता येत नाही, पॉलिश करूनच काढावे लागते, त्यामुळे हा निर्णय मला घाईने घ्यायचा नाही. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनी कामाचा क्रमही कृपया सांगावा.

प्रतिसाद

आपण पाण्याच्या मण्यांवरून काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. मी टायरपासून सुरुवात करतो, कारण मूळ तेथेच आहे.

तपकिरी रंग प्रामुख्याने रबरातून येतो. हवेतील ओझोनमुळे रबराला बारीक भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच रबरात ओझोनरोधक रसायने आणि मेण मिसळलेले असते. ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात, तेथे ओझोनशी संयोग पावतात आणि तपकिरी पडतात. टायर आपले काम करत असल्याचीच ती खूण आहे. अडचण एवढीच की आपण त्या तपकिरी थरावर ड्रेसिंगचा चिकट थर देतो, त्यावर धूळ बसते, मग त्यावर पुन्हा ड्रेसिंग देतो, आणि प्रत्येक वेळी राप अधिक दाट होत जातो. शाम्पूला तो निघत नाही. त्यासाठी अल्कधर्मी क्लीनर आणि ताठ केसांचा ब्रश लागतो. क्लीनर मारून घासल्यावर आधी चहाच्या रंगाचा फेस येईल. धुऊन पुन्हा घासा, आणि फेस पांढरा येईपर्यंत हेच करत राहा. बहुतेक जण पहिल्या तपकिरी फेसावरच समाधान मानतात आणि मग ड्रेसिंग टिकत नाही म्हणून तक्रार करतात. क्लीनर तापलेल्या चाकावर वाळू देऊ नका, विशेषतः रिमवर, कारण तेथे त्याचे डाग राहू शकतात.

ड्रेसिंगचे दोन्ही प्रकार सहसा सिलिकोनवरच आधारलेले असतात. फरक ते कशात मिसळले आहे याचा असतो. द्रावकातील ड्रेसिंग अधिक चकाकते आणि पावसात जास्त टिकते, पण सुकल्यावरही बऱ्याचदा ओलसर राहते, त्यामुळे ते धूळ धरते आणि उडते. पाण्यातील ड्रेसिंग दुधासारखे दिसते, अर्धचकाकीवर सुकते आणि रबराला सौम्य असते, मात्र लवकर धुऊन जाते. कोटिंग केलेल्या गाडीसाठी मी निःसंकोच पाण्यातील ड्रेसिंग सुचवेन. ते थेट टायरवर फवारू नका, स्पंजच्या तुकड्यावर घेऊन पातळ लावा. दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या मायक्रोफायबरने टायरची बाजू एकदा दाबून पुसा आणि लगेच गाडी बाहेर काढू नका. आपल्या पत्र्यावरची ती तिरपी रांग म्हणजे न पुसलेले जादा ड्रेसिंग आहे. चाक फिरू लागले की ते बाहेर फेकले जाते.

एक गोष्ट ठामपणे सांगतो : ड्रेसिंग टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या तबकडीवर कधीही जाता कामा नये. सिलिकोनमुळे पकड कमी होते. फवाऱ्याच्या डब्यांना माझा विरोध आहे तो याच कारणाने, कारण त्यांचा तुषार कोठे जाईल यावर आपला ताबा नसतो. दुचाकीच्या टायरला तर ड्रेसिंग लावूच नये, कारण वळताना तिचा टायर कडेवर येतो.

प्रतिसाद

रंगाच्या बाजूबद्दल लिहितो.

क्लेने सिलिकोन निघेल यावर विसंबू नका. क्ले पृष्ठभागावर घट्ट बसलेले कण उपटून काढते. तेलकट थर तिच्या वंगणाबरोबर पसरण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी टायर, रिम आणि चाकाभोवतीची पोकळी पूर्ण स्वच्छ करावी आणि त्यांच्यासाठी बादली व ब्रश वेगळे ठेवावेत. त्यानंतर संपूर्ण गाडी दोन बादल्यांच्या पद्धतीने (एकीत शाम्पू, दुसरीत धुण्याचे कापड खळखळायला साधे पाणी) धुऊन सुकवावी. मग खालच्या पट्ट्यावर मेण, डांबर आणि सिलिकोन काढणारा द्रावक एका कापडाने लावून तो वाळण्याआधीच दुसऱ्या स्वच्छ कापडाने उचलावा. कापडाची घडी सतत बदलत राहावे, नाहीतर तेच तेल आपण पुन्हा रंगावर फिरवतो. यानंतर तो भाग शाम्पूने धुऊन पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. शेजारच्या रंगावर आणि या पट्ट्यावर पाणी सारखेच वाहू लागले, तरच पुढे जावे.

त्यानंतर लोहकण काढणारे द्रावण वापरावे. ते ब्रेकच्या धुळीतील लोखंडाशी संयोग पावले की जांभळे होते आणि त्याला उग्र वास येतो. ते उघड्या हवेत वापरावे आणि वाळू देऊ नये. क्ले त्यानंतर. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रंगावरून बोटे फिरवली, तर उघड्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा लगेच कळतो. जेथे खरखर असेल तेथेच क्ले फिरवावी. विनाकारण फिरवली तर ती स्वतःच बारीक ओरखडे पाडते, आणि गडद रंगावर ते हमखास दिसतात. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा.

पॉलिशबाबत माझा आग्रह संयमाचा आहे. कंपनीच्या क्लिअर कोटची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन असते. अतिनील किरणांपासून रंगाचा बचाव करणारे घटक याच थरात असतात, आणि प्रत्येक पॉलिश त्यातलाच थोडा भाग काढून नेते. म्हणून दरवाजाच्या मध्यावर हातभर जागा आखून घ्यावी, सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचे पॅड यांनी सुरुवात करावी आणि तेवढ्याने ओरखडे पुरेसे जात असतील, तर अधिक कडक मिश्रणाकडे वळूच नये. पत्र्याच्या कडा आणि उठावदार रेषा यांवर थर पातळ असतो, तेथे यंत्र दाबू नये. शक्य असल्यास कागदी टेप लावावी. काळ्या प्लास्टिकच्या भागांनाही टेप लावणे आवश्यक आहे, कारण त्यांवर सुकलेले पॉलिश पांढरट डाग सोडते.

पॉलिश झाल्यावर रंग अप्रतिम दिसतो आणि येथेच फसगत होते. काही पॉलिशमध्ये ओरखडे भरून झाकणारी तेले असतात. पाण्याने पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा कोटिंगपूर्वी वापरायच्या तयार द्रावणाने प्रत्येक भाग पुसून मगच टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. जे ओरखडे तेव्हा परत दिसतील, ते गेलेलेच नव्हते. तयारीत उणे राहिलेले काहीही कोटिंग सुधारत नाही. उलट ते कोटिंगखाली बंदिस्त होते.

आता निवड. बाटलीवर लिहिलेला 9एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा असतो. खनिजांच्या मोह्स मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही. कोटिंगचा थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा, अनेकदा त्याहूनही पातळ असतो. त्यामुळे चुकीच्या धुण्याने पडणारे ओरखडे किंवा उडालेले खडे तो थांबवू शकत नाही. घाण सहज निघणे, रसायनांना अधिक प्रतिकार आणि दीर्घकाळ टिकणारी चकाकी हे त्याचे खरे लाभ आहेत, आणि ते निश्चितच मोलाचे आहेत. परंतु आपले पाणी क्षारयुक्त आहे. कोटिंगवर मणी होऊन बसलेले पाणी उन्हात वाळले, तर प्रत्येक मण्याच्या जागी क्षारांचे वर्तुळ राहते. गाडी धुतल्यावर लगेच सुकवण्याची शिस्त पाळणे शक्य नसेल, तर कोटिंग केलेली गाडी न केलेल्या गाडीपेक्षा वाईट दिसू शकते.

जागा तीन बाजूंनी उघडी आहे, हे मला त्याहून गंभीर वाटते. हवेतील ओलावा हा द्रव घट्ट होण्याच्या क्रियेत भाग घेतो, आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ ओल्या थरात कायमची बसते. म्हणून या वेळी तयारी पूर्ण करून पॉलिमर सीलंट लावावे, असे माझे मत आहे. ते काही महिने टिकते, चुकले तर सहज दुरुस्त होते आणि तेवढ्यात आपला हातही बसतो.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. सिलिकोन काढण्याची पायरी क्लेच्या आधी हवी, हे मला कोठेच इतके स्पष्ट वाचायला मिळाले नव्हते. पाण्यातील ड्रेसिंग आणि सीलंट हे दोन्ही सल्ले मी मान्य करत आहे. एक शंका मात्र राहते. केवळ बॉनेटवर कोटिंग आणि उरलेल्या गाडीवर सीलंट, असे करता येईल का? बॉनेट लहान आहे. वारा पडलेला असेल अशी वेळ पाहून तेवढे काम करता येईल, आणि पुढच्या वेळेसाठी अनुभवही मिळेल.

प्रतिसाद

नक्की करता येईल, मात्र आधी बॉनेटचे कोटिंग आणि नंतर उरलेल्या भागांचे सीलंट, हा क्रम मोडू नका. सीलंटचे कापड चुकून बॉनेटला लागले तर सगळी तयारी पुन्हा करावी लागेल. टायर ड्रेसिंग सर्वांत शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी.

पत्रा सावलीत आणि हाताला थंड लागला पाहिजे. नायट्राइलचे हातमोजे घाला. एका वेळी साधारण 60 सेंटिमीटर लांब-रुंद भाग घ्या, थेंब पॅडवर टाकून आडवे-उभे पसरवा आणि पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसू लागला की पुसा. हा वेळ प्रत्येक कोटिंगचा वेगळा असतो आणि दमट हवेत तो कमी होऊ शकतो, म्हणून घड्याळापेक्षा तवंगाकडे लक्ष द्या. एका कापडाने उचला, दुसऱ्या कोरड्या कापडाने पुन्हा पुसा आणि पुढच्या भागाकडे जाण्यापूर्वी टॉर्च तिरपी धरून पाहा. गडद पट्टा किंवा तेलकट ठिपका दिसला, तर तो लगेच, त्याच कोटिंगचा एक थेंब लावून सैल करता येतो आणि पुसता येतो. घट्ट झाल्यावर त्याला पॉलिशशिवाय उपाय नाही. वापरलेली कापडे धुऊन पुन्हा रंगावर वापरू नका, कारण त्यांत सुकलेले कोटिंग काचेसारखे कडक होते आणि ओरखडे पाडते. बॉनेट रात्रभर पाण्यापासून जपा आणि शाम्पूचे पहिले धुणे बाटलीवरील मुदत संपेपर्यंत, बहुधा आठवडाभर, पुढे ढकला.