सेनापती खंडेराव दाभाडे आणि तळेगाव: एका दिवसात काय पाहावं?

प्रश्न
तळेगाव दाभाडेत सेनापती खंडेरावांशी निगडित जागा एका दिवसात पाहायच्या आहेत. इंदोरीचा किल्ला त्यांचाच ना? आणि सेनापतीपद घरात असताना गुजरात गायकवाडांकडे कसं गेलं?

प्रतिसाद १
इंदोरीची गढी त्यांचीच. पुणे-लोणावळा लोकलने तळेगावला उतरा आणि आधी गावातलं बनेश्वर मंदिर गाठा. खंडेराव (निधन १७२९) आणि त्यांच्या पत्नी उमाबाई (निधन १७५३) यांच्या समाध्या तिथेच आहेत. मग चाकण रस्त्याने इंदोरी. गढी इंद्रायणीकाठी आहे, आत कडजाईचं देऊळ. डोंगरी किल्ला डोळ्यांसमोर ठेवून जाणारे हिरमुसतात. हा भुईकोट आहे. घाई न करता दरवाजा आणि बुरूज बघा: खाली घडीव दगड, वर विटा.

प्रतिसाद २
शाहू महाराजांनी खंडेरावांना १७१७ मध्ये सेनापती केलं. गायकवाड मूळचे त्यांच्याच हाताखालचे. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजींना 'समशेर बहाद्दर' किताब मिळाला, तोही खंडेरावांच्याच शिफारशीने. बडोद्याच्या गायकवाडांच्या बिरुदावलीत तो शेवटपर्यंत राहिला.

प्रतिसाद ३
वरच्या मुद्द्यात एक घोळ नेहमी होतो, दमाजी दोन आहेत. बाळापूरचे दमाजी पहिले. त्यांच्यानंतर पुतणे पिलाजी, आणि पिलाजींचे चिरंजीव दमाजी दुसरे.

आता गुजरातचं. चौथ-सरदेशमुखीवरून (महसुलातला ठरावीक वाटा वसूल करण्याच्या हक्कांवरून) पेशव्यांशी बिनसलं आणि १ एप्रिल १७३१ ला डभईजवळच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव पडले. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं, पण ते लहान, म्हणून कारभार उमाबाईंकडे. मुलखात फौज घेऊन वसुली करणारे मात्र पिलाजी, आणि १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाल्यावर दमाजी दुसरे. पद तळेगावात, पैसा आणि घोडदळ गुजरातेत! माझ्या मते खरी फट इथेच पडली. डभईचा पराभव हे एकच कारण पुरत नाही. १७५१ मध्ये दमाजी पेशव्यांविरुद्ध ताराबाईंच्या मदतीला साताऱ्यावर आले आणि वेण्णाकाठी कोंडले गेले. कैदेतून सुटताना त्यांनी निम्मा गुजरात देण्याचा करार थेट पेशव्यांशी केला. मधला सेनापती बाजूलाच पडला.

प्रश्नकर्ता
उलगडा झाला. उमाबाईंची आणखी एखादी खूण?

प्रतिसाद १
आहे, पण नाशिक जिल्ह्यात. त्या माहेरच्या अभोण्याच्या ठोके देशमुख. जवळच्याच सप्तशृंगगडावर त्यांनी बांधलेल्या ४७० पायऱ्या आहेत. त्यासाठी वेगळा दिवस काढा, तळेगावच्या फेरीत ते बसणार नाही.