मधुमेही बोक्याच्या लघवीत कीटोन आणि सोबत जंतुसंसर्गाची शंका

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्या नऊ वर्षांच्या, नसबंदी झालेल्या बोक्याला मधुमेह असून ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. इतके दिवस आटोक्यात असलेली साखर या आठवड्यात 400 च्या वर जाऊ लागली आहे. तो वारंवार ट्रेमध्ये बसून थेंब-थेंब लघवी करतो, लघवी तपासण्याच्या पट्टीवरचा कीटोनचा रंग कालपासून गडद होत आहे आणि आज सकाळी त्याने निम्मेच खाल्ले. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, जनावर खात नसेल तर इन्सुलिन देऊच नये. इन्सुलिन थांबवावे का, आणि औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणून सुरू केल्यास पुढील तपासण्यांसाठी पुण्याला नेणे टळेल का?

उत्तर (सात रस्ता)

इन्सुलिन अपुरे पडले की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि तिच्यापासून यकृतात कीटोन तयार होतात. संसर्ग झाला की कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन यांसारखी संप्रेरके वाढून इन्सुलिनचा प्रभाव घटतो, त्यामुळे कालपर्यंत पुरणारी मात्रा आज पुरत नाही. अशा वेळी इन्सुलिन स्वतःहून बंद करणे म्हणजे कीटोनला मोकळे रान देणे. तरीही वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, कारण न खाणाऱ्या मांजराला पूर्ण मात्रा दिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून आत्ताची साखर मोजून, तो आकडा सांगून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

प्रतिजैविक अंदाजाने देऊ नये. आधी लघवीचा नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) घेतला नाही, तर नंतर जंतू सापडत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले, तर मधुमेहाची आठवण अवश्य करून द्या, कारण त्याने साखर आणखी चढते.

उत्तर (पशुवैद्यक, होटगी रस्ता)

वरील विवेचन योग्य आहे, परंतु माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा राहून गेला आहे. बोका थेंब-थेंब लघवी करत असेल, तर तो संसर्ग नसून मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तसे असल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांतच जीव जाऊ शकतो, म्हणून कीटोनचा विचार करण्याआधी आजच जवळच्या दवाखान्यात मूत्राशय तपासून घ्या. मूत्राशय फुगलेले व टणक लागले, तर पुण्याला निघण्यापूर्वी इथेच मार्ग मोकळा करावा लागेल.

मार्ग मोकळा असल्यास सुईने थेट मूत्राशयातून नमुना घ्यावा. लघवीच्या पट्टीला ॲसिटोॲसिटेट हा कीटोनचा एक प्रकार कळतो, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा दुसरा कळत नाही. म्हणून रक्तातील कीटोन मीटरने मोजावेत आणि ते 2.4 मिलिमोल प्रति लिटरच्या वर असतील, तर कीटोॲसिडोसिसची (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची) दाट शंका धरावी. उलट्या, सुस्ती किंवा जलद श्वास दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. शिरेतून सलाईन देणे आणि इन्सुलिन सुरू केल्यावर खाली येणाऱ्या पोटॅशियमवर लक्ष ठेवणे, ही दोन्ही कामे दवाखान्यातच होऊ शकतात. उपचार लागू पडत असताना पट्टीचा रंग काही काळ अधिक गडद दिसू शकतो, त्याने घाबरून जाऊ नये.

प्रश्नकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. मूत्राशय मऊ असून मार्ग मोकळा आहे. सुईने नमुना घेऊन कल्चरला पाठवला आहे. रक्तातील कीटोन 2.9 आले, त्यामुळे दाखल करून सलाईन सुरू केले आहे. पुढील तपासण्यांसाठी पुण्याला जावे लागल्यास या उन्हात इन्सुलिन कसे न्यावे?

उत्तर (सात रस्ता)

बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये न्यावे, मात्र बाटली कापडात गुंडाळावी, बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सिरिंजही तपासून घ्या: बाटलीतले ग्लार्जिन 100 युनिटचे (एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट) असते, त्यासाठी केशरी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाची 40 युनिटची सिरिंज वापरली, तर त्याच खुणेवर अडीच पट इन्सुलिन जाते, आणि औषधाच्या दुकानांत दोन्ही सिरिंजा शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात.