ओबीएम सात-आठ मिनिटांत धापा टाकतं, पेट्रोल नेमकं कुठं अडतंय?

संगमावरचा

नमस्कार मंडळी. गाव तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, चांगदेवच्या अंगाला. हतनूर धरणाच्या फुगवट्यात काकांची मासेमारीची नाव आहे. तिला १५ एचपीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक ओबीएम (नावेच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन) आहे, जुनंच घेतलेलं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ असते, म्हणून इंजिन आणि टाकी घरी आणून ठेवतो. दिवाळीनंतर नाव पुन्हा पाण्यात घातली आणि तेव्हापासून हा त्रास.

थंड इंजिन दुसऱ्या दोरीला सुरू होतं. आयडलला अर्धा तास ठेवलं तरी तक्रार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की सात-आठ मिनिटं मस्त पळतं, मग आवाज बसत जातो, नाव जड होते आणि बंद. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब असतो, तो तेव्हा हाताला ढिला लागतो. तो चार-पाचदा दाबला की पुन्हा उठतं, दोन-तीन मिनिटं चालतं, पुन्हा तेच. काका म्हणतात, "याले दम लागते भो." परवा पात्राच्या मध्यावरून वल्ही मारत काठाला आलो.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे, फिल्टर नवा, कार्बोरेटर साफ. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच असतो, तो पहिल्यांदा तपासला. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, ऑइल लिटरला २० मिली. नळीचा थोडा भाग उंदरांनी कुरतडला होता, तेवढा तुकडा घरीच बदलला.

आमच्याकडे पाणबुडी मोटार, थ्रेशर, बुलेट, काहीही दुरुस्त करून देणारे आहेत, पण ओबीएमचा हात असलेला माणूस जवळपास नाही. कार्बोरेटर मोटरसायकलवाल्या मिस्त्रीने खोलला. त्याने इंजिन २०० लिटरच्या पिंपात बुडवून चालवून दाखवलं आणि 'एक नंबर' म्हणून परत दिलं. पाण्यावर मात्र रडगाणं तेच. समुद्रावरच्या लोकांनी जरा मार्ग दाखवा.

स्पार्क_प्लग

कॉइल. डोळे मिटून कॉइल बदला. गरम झाली की ठिणगी तुटते, थंड झाली की पुन्हा चालू. माझ्या स्कूटरचं अगदी असंच होतं.

खाडीवाला

कॉइलचे पैसे इतक्यात घालवू नका. कॉइल गरम होऊन गेली असती तर बल्ब दाबून इंजिन उठलं नसतं. कॉइलला बल्बशी काय देणंघेणं? शिवाय ठिणगी गेली की इंजिन झटकन मरतं. तुमचं हळूहळू बसतंय, म्हणजे भुकेनं मरतंय. बल्ब दाबता तेव्हा इंजिनावरच्या पेट्रोल-पंपाचं काम तुम्ही हाताने करता, म्हणून ते उठतं. तेव्हा दोष टाकीपासून पंपापर्यंतच शोधा, पंपासकट.

पिंपातल्या चाचणीला काही अर्थ नाही. पिंपात पूर्ण थ्रॉटल देता येत नाही, आणि कमी थ्रॉटलला पेट्रोल इतकं थोडं लागतं की अर्धमेला पंपही ते पुरवतो.

आता बल्बकडे बघा. बंद पडताना तो चपटा होऊन आत ओढला जात असेल तर मागे काहीतरी तुंबलंय: टाकीचा हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीची जाळी, नाहीतर आतून सुजून बंद झालेली नळी. तुमचा चपटा होत नाही, नुसता ढिला पडतो. म्हणजे पेट्रोलबरोबर हवा ओढली जातेय, नाहीतर बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय. बल्बवरचा बाण इंजिनाकडे आहे ना? हसू नका, उलटा लावलेला मी दोनदा पाहिलाय.

आणखी एक. नळीचा तुकडा बदलला म्हणता. कुठली नळी लावली, आणि बल्बच्या अलीकडे की पलीकडे?

केळीबाग

मला इथेनॉलचा संशय आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि ते हवेतला ओलावा धरतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, वर पेट्रोल राहतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले तर तेच. टू-स्ट्रोकला हे जास्त वाईट, कारण ऑइल वरच्या थरात राहतं आणि इंजिन ओढतं खालचं.

संगमावरचा

सगळ्यांचे आभार. बाण बरोबर आहे. बाटली ठेवली होती, सकाळी एकच थर, स्वच्छ. शेजारच्या नावेची टाकी मागून आपल्या नळीला जोडली, तरी सात मिनिटांत तेच. म्हणजे टाकी सुटली.

नळीचं सांगायला जरा लाज वाटते. फवारणीच्या पंपाची नळी कापून लावली आहे. मापात बसली, दोन्ही टोकांना तार पिळून घट्ट केली. टाकी आणि बल्बच्या मधे आहे. पण तिथून एक थेंबही गळत नाही हो, हात फिरवून पाहिलं.

खाडीवाला

सापडलं बहुतेक! तिथून थेंब गळणारच नाही. बल्बच्या पुढे फट असती तर बल्ब दाबताना पेट्रोल बाहेर आलं असतं. बल्बच्या मागे नेहमी ओढ असते, त्यामुळे फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तुमच्या इंजिनाच्या पंपाला ना वायर ना पट्टा. क्रँककेसमधला दाब वर-खाली होतो, त्यावर एक पातळ पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढतो. एवढीशी ती ओढ. पेट्रोलपेक्षा हवा ओढणं तिला सोपं.

फवारणीची नळी पेट्रोलची नव्हे. पेट्रोल तिचा मऊपणा खातं, ती कडक होते, आणि पिळलेली तार एका बाजूने आवळते, दुसरीकडे फट ठेवते. खात्री हवी तर इंजिनाच्या पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी लावा आणि पूर्ण थ्रॉटलला बुडबुडे दिसतात का बघा. फक्त बघण्यापुरती, नंतर काढायची. तिथे विडी-सिगारेट नको, काकांना सांगून ठेवा.

आणि नळी बदलेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देत बसू नका. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. प्लगची टोकं पांढुरकी झाली असतील बघा. असं रेटत राहिलात तर पिस्टन धरेल, मग खर्चाचं बोलायलाच नको.

संगमावरचा

प्लग खरंच पांढरे निघाले, महिनाभरापूर्वीचेच आहेत!

काल पारदर्शक नळी लावून गेलो. चौथ्या मिनिटापासून बारीक बुडबुड्यांची माळ, सहाव्याला मोठे. फवारणीची नळी काढली तर टोकाला लाकडासारखी कडक झालेली आणि एका बाजूला नख जाईल एवढी फट. भुसावळहून पेट्रोलची नळी आणि स्क्रूच्या क्लिपा आणल्या. टाकीच्या कनेक्टरची ओ-रिंगही चपटी झाली होती, तीही बदलली. आज पूर्ण थ्रॉटलला २५ मिनिटं चालवलं. बल्ब शेवटपर्यंत कडक.

एकच शंका. बंद करून तासाभराने सुरू करताना बल्ब पुन्हा थोडा दाबावा लागतो. हे चालेल का?

खाडीवाला

चालेल. उभ्या इंजिनात पेट्रोल थोडं मागे सरकतं. दोन-तीनदा दाबून कडक झाला की झालं. पंधरा-वीसदा दाबावा लागायला लागला तर बल्बचा व्हॉल्व्ह बघा. पंपाच्या पडद्याचं किट मात्र मागवून ठेवा. जुनं इंजिन आहे, आज ना उद्या लागेल.

स्पार्क_प्लग

कॉइल नव्हती तर. स्कूटरची माफी.

संगमावरचा

किट मागवतो. काका जाळी टाकायला गेलेत, एकटेच, त्यावरून इंजिनावर किती भरवसा बसलाय ते कळतं. माझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही. फवारणीच्या पंपाची नळी हातभर आखूड झालीय आणि केळीवर फवारणी उद्याच करायची आहे.